बंदुकीवरची स्वस्त दुर्बीण : घेण्याआधी सहा कसोट्या

सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या, तूर कमरेला लागली, की घाटंजी तालुक्यात रात्रीच्या जागलीचे दिवस सुरू होतात. टिपेश्वर अभयारण्याला लागून असलेल्या गावांत आणि पारव्याकडच्या जंगलपट्ट्यात तर शेतकरी दिवसा वावरात राबतो आणि रात्री मचाणावर बसतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाची सरी उकरून टाकतो. रोही तुरीचे शेंडे आणि हरभऱ्याचे घाटे साफ करतात. सकाळी धुऱ्यावर उभे राहून वावराकडे पाहताना शेतकऱ्याच्या मनात जे येते, ते सांगायला नको.

अशा वेळी ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांच्याकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. "साहेब, मोबाइलवर बंदुकीची दुर्बीण भेटते म्हणतात. दोन-चार हजारांचं काम आहे. घेतली तर रात्री डुक्कर बरोबर दिसते का?"

प्रश्न रास्त आहे. शेतकरी बियाणे घेताना उगवण तपासतो, पंप घेताना पाण्याची धार पाहतो. मग दुर्बीणही पारखूनच घ्यावी. उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक परवानाधारकांना या वस्तूचा उपयोग नाही. ज्यांना थोडाफार आहे, त्यांनीही खाली दिलेल्या सहा कसोट्या घेतल्याशिवाय पैसे मोकळे करू नयेत.

आधी परवानगी, मग बंदूक

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 9 नुसार शिकारीला बंदी आहे. पीक आपले असले, वावर आपले असले, तरी डुक्कर आपल्या मर्जीने मारता येत नाही. मात्र याच कायद्याच्या कलम 11 मध्ये एक वाट ठेवलेली आहे. अनुसूची दोनमधील प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाला, तर अधिकृत अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही प्राणी या अनुसूचीत आहेत. राज्य शासनाने 2015 साली निर्णय काढून या दोन प्राण्यांसाठी अशा परवानगीची पद्धत घालून दिली. त्यासाठी अर्ज वनक्षेत्रपाल कार्यालयात करायचा असतो.

बंधूंनी येथे चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, बंदुकीचा परवाना वेगळा आणि प्राणी मारण्याची परवानगी वेगळी. एक आहे म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. दुसरी, अभयारण्यात पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन नुसते पाऊल टाकणेही कलम 31 प्रमाणे गुन्हा आहे. टिपेश्वरच्या हद्दीलगतच्या शेतकऱ्यांनी आपली शीव कुठे संपते हे वनरक्षकाकडून दाखवून घ्यावे. तिसरी, परवानगीने मारलेला प्राणी ही शासनाची मालमत्ता असते. त्याची खबर वन विभागाला द्यायची, मांस वाटून घ्यायचे नाही. चौथी, परवानगी ज्या प्राण्याची, तोच प्राणी. अंधारात रोह्याची तपकिरी मादी आणि सांबर यांत चूक झाली, तर 'मला वाटले' हे उत्तर चालत नाही. विनापरवाना शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. वाघ, बिबट, अस्वल, काळवीट अशा अनुसूची एकमधील प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा याहून कडक आहे.

आपल्याकडची बंदूक कोणती?

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी मुख्यतः ठासणीची बंदूक धरलेली आहे. तेवढ्याने भागत नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर, देता येते. रायफल ही वेगळी वस्तू. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि लांब जाते.

दुर्बिणीचा जन्म रायफलसाठी झालेला आहे. शंभर-दोनशे मीटरवरचे लक्ष्य जवळ दिसावे आणि नेम बारीक धरता यावा, हे तिचे काम. ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक मोठ्या छऱ्यावर जेमतेम तीस-चाळीस मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे छरे पसरतात. प्राणी मरत नाही, जखमी होतो. जखमी रानडुक्कर किती वाईट, हे जागली करणाऱ्याला सांगायला नको. तीस मीटरवरचे डुक्कर चारपट मोठे करून बंदुकीची पोच वाढत नाही. उलट शेतकऱ्याला वाटते की आता लांबचेही मारता येईल. नुकसान तिथूनच सुरू होते.

आणखी एक अडचण. या बंदुकांवर दुर्बीण बसवायला पट्टीच नसते. मग कोणी लोहाराकडे जाऊन नळीला वेल्डिंग करतो, भोक पाडतो. नळी एकदा तापली की तिची ताकद गेली. पुढच्या बाराला ती हातात फुटू शकते. शिवाय परवान्याच्या शस्त्रात फेरफार किंवा दुरुस्ती करायला करणाऱ्याकडेही परवाना लागतो. म्हणून बंदुकीवर काहीही चढवण्यापूर्वी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारावे आणि काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे.

बाजारातल्या स्वस्त दुर्बिणी पुष्कळदा छऱ्याच्या हवाई बंदुकीसाठी बनवलेल्या असतात. बारा बोअरचा धक्का त्यांना सोसत नाही. दोन-चार बारांत आतली फुली सरकते. आणि हवाई बंदुकीनेच डुक्कर मारू म्हणणाऱ्यांनी तो विचार सोडावा. तो छर्रा डुकराच्या कातडीत रुततो, जनावर सडून मरते, आणि गुन्हा तोच लागतो.

डबीवरच्या आकड्यांचा अर्थ

डबीवर '4×32' किंवा '3-9×40' असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुकानदार पहिला आकडा मोठा करून सांगतो. रात्रीच्या कामाला मात्र दोन्हींचा भागाकार महत्त्वाचा. 32 भागिले 4 म्हणजे 8. 40 भागिले 9 म्हणजे साडेचारच्याही आत. डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाची ही रुंदी आहे.

तरण्याताठ्या माणसाची बाहुली अंधारात सुमारे 7 मिलिमीटर उघडते. वय वाढले की ती 5 मिलिमीटरच्या आसपासच उघडते. वर्तुळ बाहुलीपेक्षा लहान असेल, तर चित्र मोठे होते पण काळोखते. म्हणजे जितके 'जवळ' आणाल तितके अंधारेल. सांज कलल्यावर नऊ पटीवर पाहणारा स्वतःच्या हाताने उजेड कमी करून घेत असतो.

सहा कसोट्या

या सर्व कसोट्या दुर्बीण बंदुकीवर न चढवता करायच्या आहेत. लाकडी पाटावर वाळूने अर्धे भरलेले पोते ठेवा, त्यात दुर्बीण हलणार नाही अशी रुतवा. सूर्याकडे चुकूनही रोखू नका. डोळा कायमचा जातो.

1) उजेडाचे वर्तुळ. दुर्बीण हातभर लांब धरून मोकळ्या आभाळाकडे करा. मागच्या भिंगात उजेडाचे गोल वर्तुळ दिसेल. पट्टीने मोजा. भागाकाराइतके भरले पाहिजे. कमी भरले किंवा वर्तुळाच्या कडा कापलेल्या दिसल्या, तर डबीवरचा आकडा खोटा.

2) अक्षर. वर्तमानपत्राचे पान तीस पावलांवर भिंतीला चिकटवा. मथळा मधोमध आणि मग कडेला आणून वाचा. मधोमध स्पष्ट आणि कडेला पुसट, हे स्वस्त भिंगात थोडेफार चालायचे. पण अक्षराला जांभळी-हिरवी किनार येत असेल तर भिंग हलके आहे.

3) फुलीची हलचल. दुर्बीण स्थिर ठेवून फक्त डोके जरासे डावी-उजवीकडे करा. फुली खुणेवरून किती सरकते ते पाहा. जवळच्या अंतरावर ती फार सरकत असेल, तर नेम तुमच्या मानेच्या ठेवणीवर अवलंबून राहणार.

4) चौकोन. आलेख कागद पंचवीस मीटरवर लावा, फुली एका खुणेवर आणा. वरच्या आणि बाजूच्या चकत्या 'टिक टिक' अशा फिरतात. पुष्कळ दुर्बिणींवर एका टिचकीला पाव मिनिट असे लिहिलेले असते. पंचवीस मीटरवर ते जवळपास पावणेदोन मिलिमीटर होते. चाळीस टिचक्या वर, चाळीस उजवीकडे, चाळीस खाली, चाळीस डावीकडे फिरवा. प्रत्येक बाजू सुमारे सात सेंटिमीटर भरली पाहिजे आणि फुली मूळ खुणेवर परत आली पाहिजे. परत आली नाही तर आतली कमान ढिली. ही वस्तू परत करा.

5) पाणी. 'पाण्याला दाद देत नाही' असे लिहिले असेल आणि विकणारा परत घ्यायला तयार असेल, तरच ही कसोटी करा. कोमट पाण्याच्या बादलीत दोन मिनिटे बुडवा. सांध्यातून बुडबुडे आले, तर पहाटेच्या दवात ती आतून धुकणार हे नक्की.

6) डोळ्याचे अंतर. पूर्ण चित्र दिसायला डोळा भिंगापासून किती दूर ठेवावा लागतो ते मोजा. तीन इंचांपेक्षा कमी असेल, तर बारा बोअरच्या धक्क्याने भिंगाची कडा भुवईवर बसून भुवई फुटते.

सहाही पार झाल्या तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे बाराचा धक्का. तो सोसतो का आणि नेम टिकतो का, हे बार काढूनच कळते, आणि ते काम मान्यताप्राप्त नेमबाजी मैदानावरच करायचे. वावरात, धुऱ्यावर, गावाजवळ नाही.

पोते की माणूस?

तालुक्यातल्या एका परवानाधारक शेतकऱ्याने मागवलेली 3-9×40 ची स्वस्त दुर्बीण आम्ही याच रीतीने, बंदुकीविना, पोत्यावर ठेवून पाहिली. दिवसा वस्तू बरी वाटली. मधोमध अक्षर स्पष्ट, कडेला पुसट. चौकोन जवळपास जुळला. इथवर कोणीही म्हणेल की पैसे वसूल झाले.

मग खरी परीक्षा घेतली. सूर्य बुडून अर्धा-पाऊण तास झाल्यावर साठ पावलांवर पऱ्हाटीच्या कडेला दोन गठ्ठे ठेवले. एक भरलेले पोते. दुसरा घोंगडी पांघरून उकिडवा बसलेला माणूस. नऊ पटीवर दोन्हीकडे नुसता काळोख. तीन पटीवर दोन काळे गोळे दिसले, पण त्यांतला माणूस कोणता हे पाहणाऱ्या चौघांपैकी एकालाही खात्रीने सांगता आले नाही. माणसाने हात वर केला तेव्हा कळले. जागलीवरचा शेजारी, पाणी द्यायला निघालेली बाई, शौचाला बसलेले पोर हे कोणी आपल्यासाठी हात वर करून बसत नाहीत.

बॅटरीच्या उजेडाने हा प्रश्न सुटतो असे पुष्कळांना वाटते. त्यात एक धोका आहे तो नीट समजून घ्या. रोही, गाय-बैल, कुत्रा, वाघ, बिबट यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो, म्हणून उजेड पडला की डोळे चमकतात. डुकराच्या डोळ्यांत तो पडदा नसतो. माणसाच्याही नसतो. म्हणजे बॅटरी मारली, झुडपात हालचाल दिसली आणि डोळे चमकले नाहीत, तर समोर डुक्कर असेल किंवा माणूस असेल. आणि डोळे चमकले तर तो रोही असेल किंवा शेजाऱ्याचा सुटलेला गोऱ्हा असेल. 'डोळे चमकले नाहीत, म्हणजे डुक्करच' ही समजूत एखाद्या घराचे दिवे विझवू शकते.

हे उगाच भय घालणे नव्हे. 2025 साली पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांच्या हातून डुक्कर समजून आपल्याच साथीदारावर गोळी सुटली आणि त्याचा जीव गेला. पुढे पोलीस, अटक, आणि दोन्हीकडची घरे उघडी. आपल्या जिल्ह्यातलेही उदाहरण ताजे आहे. राळेगाव-पांढरकवडा भागातील टी-1 म्हणजे अवनी वाघीण 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटी परिसरात गोळी घालून मारली गेली. शासनाचा आदेश होता, सराईत नेमबाज होते, वन विभागाचे लोक सोबत होते. तरीही अंधारातल्या त्या एका बारावरून चौकशी समित्या बसल्या आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. एवढ्या बंदोबस्तात जर रात्रीच्या बाराचा हिशेब देणे कठीण होते, तर मचाणावरच्या एकट्या शेतकऱ्याने तो कसा द्यावा?

म्हणून एक नियम पाळा. बंदुकीवरची दुर्बीण ही पाहण्याची वस्तू नाही. 'काय आहे ते बघू' म्हणून ती डोळ्याला लावली, की भरलेली नळी त्याच दिशेला रोखली जाते. पाहायचे असेल तर दोन डोळ्यांची साधी हातदुर्बीण वापरा, बंदूक खाली ठेवून. समोर काय आहे हे पक्के कळल्याशिवाय, आणि त्यामागे मातीचा धुरा किंवा टेकाड असल्याशिवाय, बार नाही. तुरीच्या ओळी गोळी अडवत नाहीत.

तेच पैसे कुठे लावावेत?

दुर्बिणीला लागणाऱ्या पैशांत चांगल्या उजेडाची बॅटरी आणि साधी हातदुर्बीण येते. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून वर्गणी केली, तर सौरऊर्जेवरचे झटका यंत्र घेता येते. हे यंत्र तारेत साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचा ठोका देते. जनावर बिचकते, मरत नाही. यंत्र प्रमाणित असावे, तारेखालचे गवत कापलेले असावे, नाही तर ठोका जमिनीत जिरतो. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा, रोह्यासाठी वरच्या तारा छातीपर्यंत न्या. तारेवर ठिकठिकाणी पाटी टांगा.

या ठिकाणी कळकळीची विनंती. झटका यंत्र वेगळे आणि खांबावरून आकडा टाकून तारेत सोडलेला सरळ करंट वेगळा. सरळ करंट माणूस, बैल, वाघ काही पाहत नाही. तो गुन्हा आहे आणि त्याने आजवर कितीतरी घरे बसली आहेत.

जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली होती. आपले गाव त्यात बसते का आणि यंदा निधी आहे का, हे वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारून घ्यावे.

आणि नुकसान झालेच, तर भरपाईचा अर्ज सोडू नका. रानडुक्कर, रोही यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीला शासनाची मदत मिळते. खबर मात्र तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालांकडे गेली पाहिजे. वावर नांगरू नका, उकरलेली सरी तशीच ठेवा, पायांचे ठसे टोपलीखाली झाका, सातबारा तयार ठेवा. पुष्कळ अर्ज मुदत गेल्यामुळे पडतात. डुकराने खाल्ले ते खाल्ले, निदान मुदतीने तरी खाऊ नये.

गावपातळीवर करण्यासारखे

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि तलाठी यांना विनंती अशी, की जागलीचा हंगाम सुरू होण्याआधी एक बैठक घ्यावी. कोणत्या वावरात कोण जागलीला असतो, याची यादी करून ती गावच्या फळ्यावर लावावी. गावात परवान्याच्या बंदुका किती, याची माहिती पोलीस पाटलांकडे असावी. परवानगीने बार होणार असेल, तर त्या रात्री शेजारच्या वावरांतील सर्वांना आधी निरोप गेला पाहिजे. जागलीवर जाणाऱ्याने काळी घोंगडी पांघरून अंधारात बसण्याऐवजी जवळ कंदील किंवा बॅटरी लावून ठेवावी आणि ये-जा करताना आवाज द्यावा. 'कोण हाय?' या हाकेला उत्तर देण्याची आपली जुनी रीत आहे. ती पुन्हा पाळली, तर पुष्कळ अनर्थ टळतील.

दुर्बीण ज्याला घ्यायचीच आहे, त्याने कसोट्या करून घ्यावी आणि दिवसाउजेडी काय दिसते यावर न भाळता सूर्य बुडाल्यावर काय दिसत नाही ते आधी पाहावे. एक हंगाम बुडाला तर पुढचा येतो. अंधारात चुकलेला बार परत घेता येत नाही.